काडतूस भरायच्या डिलन प्रेससाठी कोणत्या ॲक्सेसरी खरंच कामाच्या? भाऊ टेक्सासले असते, त्याले काहीतरी घेऊन द्याचं हाय

दारव्हेकर_लेथवाला

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक पोस्टा कपाशी, बोअर आन ट्रॅक्टरच्याच असते, माया प्रश्न जरा आडवाटेचा हाय पण आपल्याइकडचे किती तरी पोट्टे अमेरिकेत हायेत म्हणून इचारून पाह्यतो.

माया लहान भाऊ टेक्सासले असते, बरेच वर्ष झाले. त्याले तिकडं पिस्तूल शूटिंगचा नाद लागला, म्हणजे दर महिन्याले मॅच असते त्या यूएसपीएसए का काय म्हणते त्याच्या, धावत धावत टार्गेट मारायचे. त्याच्यात गोळ्या लय लागते म्हणून हा गडी घरीच काडतूस भरते. तिकडं ते चालते, दुकानात उघड सामान मिळते. आधी एकेक भरायचा साधा प्रेस होता, आता यानं डिलनचा एक्सएल ७५० घेतला. व्हिडिओ कॉलवर दाखवला मले. मी लेथवाला माणूस, मले तर मशीनच आवडली. पाच स्टेशन, खाली गोल प्लेट, हँडल एकदा खाली-वर केलं की प्लेट एक घर पुढं सरकते आन पाचही घरातलं काम एकाच वेळी होते. एका घरात जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) निघून पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) सायझात येते, दुसऱ्यात नवा प्रायमर आन बारूद, मंग चेक, मंग गोळी बसते, मंग क्रिंप, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळते. सुरू झाली की दर हँडलले एक काडतूस बाहेर. नुसता ९ एमएम भरते तो.

आता मी आन आई दिवाळीनंतर तिकडं चाललो तीन महिने, त्याच्याकडं लहान बाळ हाय. त्याच्यासाठी काहीतरी घ्याचं डोक्यात हाय, पण त्याले इचारलं की "दादा काही नको, तू ये फक्त" एवढंच म्हणते. साइटवर पाह्यलं तर डोकं फिरलं बाप्पा, केस फीडर, बुलेट फीडर, पावडर चेक, रोलर हँडल, लाइट, स्ट्राँग माउंट, शंभर भोकाचे गेज, प्रायमर भरायची वेगळी मशीन... प्रेसपेक्षा वरचं सामान महाग दिसते. त्याच्याजवळ सध्या नुसता प्रेस, डाय आन एक साधा काटा एवढंच हाय. याच्यातलं काय आधी घ्यावं आन काय नुसतं शोभेचं हाय? आन अजुक एक, स्टँड, डाय ठेवायचा रॅक, गेज असं काही मी इथंच लेथवर बनवून नेलं तर? ॲल्युमिनियमचा रॉड पडून हाय दुकानात.


वणीचा_पोट्टा_डॅलस

दादा तुमी बरोब्बर जागी इचारलं, मी वणीचा, डॅलसजवळ राह्यतो आन माया गॅरेजमदे पण ७५० च हाय.

पह्यले एक गोष्ट इचारतो, राग मानू नका. भाऊ ग्रीन कार्डवर हाय का सिटिझन हाय का अजून एच-१बी वर? कारण व्हिसावरच्या माणसाले तिकडच्या कायद्यानं बंदूक आन गोळ्या जवळ ठेवता येत नाई, शिकारीचं लायसन्स वगैरे असले थोडे अपवाद सोडून. आन तुमी टुरिस्ट व्हिसावर जासान, म्हणजे तोच नियम तुमाले पण लागते. म्हणून गॅरेजात भावाच्या बाजूले उभं राहून पाहा, पण हँडल मारत बसू नका आन भरलेले डबे इकडून तिकडं उचलू नका. बारूद आन प्रायमर तर तुमच्या नावानं बिलकुल घेऊ नका. लोखंडी सामान, लाइट, गेज, कॅलिपर, हे कोणी पण घेऊ शकते, त्याले काही नाई.

आता मुद्द्यावर येतो. नवा प्रेस आला की सगळ्याइले वाटते स्पीड पायजे. पण तुमच्या भावाले पह्यले जे पायजे ते म्हणजे त्याले पुंगळीच्या आत दिसलं पायजे. ९ एमएमच्या पुंगळीत पिस्तुलाच्या बारूदाचा एक डोज टाकला तरी वर जागा उरते, काही काही बारूद तर इतकी कमी जागा घेते की चुकून दोनदा पडली तरी पुंगळी सांडत नाई, गोळी वरून आरामात बसून जाते आन कोणाले पत्ता नाई लागत. आन एखाद्यात बारूद पडलीच नाई तर नुसत्या प्रायमरच्या जोरानं गोळी नळीत अर्ध्यात अडकते, अन् मॅचच्या घाईत वरून दुसरी मारली की नळी फुगते नाई तर फाटते. ७५० मदे प्लेट आपोआप फिरते म्हणून डबल पडायचा चान्स कमी हाय, पण मदात काही अटकलं, तुमी प्लेट हातानं मागंपुढं केली, पुंगळी काढून परत ठेवली, की तिथंच घोटाळा होते. सुरळीत चालू असताना नाई होत, मशीन थांबून परत सुरू करताना होते.

म्हणून माया मतानं नंबर एक म्हणजे लाइट. प्रेसच्या मदल्या भोकात बसणारी एलईडी किट मिळते, नाई तर लवचिक मानेचा छोटा लाइट, उजेड सरळ गोळी बसवायच्या घरातल्या पुंगळीच्या तोंडात पडला पायजे. वरच्या ट्यूबलाइटचा काई उपयोग नाई, टूलहेडची (डाय बसवलेल्या वरच्या भागाची) सावली नेमकी तिथंच पडते. गोळी ठेवताना डावा हात पुंगळीवर जातेच, त्याच वेळी डोळ्यानं आत बारूदची लेव्हल पाहाची, हे सवयीचं झालं पायजे. सगळ्यात स्वस्त वस्तू हे आन सगळ्यात कामाची.

त्याच्या मागं पावडर चेक. ७५० मदे तिसरं घर त्याच्यासाठीच मोकळं असते. डिलनचं जे हाय त्याच्यात एक दांडा पुंगळीत उतरते, बारूद लय कमी नाई तर लय जास्त असली की बझर वाजते. हॉर्नडीचं पावडर कॉप हाय त्याच्यात नुसता दांडा वर येते, त्याच्यावरची खूण आपल्याले पाहा लागते. आन आरसीबीएसची लॉकआउट डाय हाय, ते सरळ प्रेसच अडवते, हँडल पुढं जातच नाई. मले बझरवालं आवडते, पण वजनातला बारीक फरक पकडाले याच्यातल्या कोणत्याच्याच भरवशावर राहू नका हे समजून घ्या. डबल आन रिकामं पकडाले हायेत ते, वजन मोजाले नाई.

वजनावरून, त्याच्याजवळ साधा काटा हाय म्हणता तर तो कोणता? बॅटरीवाला स्वस्तातला असन तर चेक वेटचा सेट घेऊन द्या, छोटे पितळी-स्टीलचे ठरलेल्या वजनाचे तुकडे असते. काटा सुरू केला की पह्यले ते ठेवून पाहाचं. ग्रेन म्हणजे किती तर साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या अर्ध्याहून थोडं जास्त. एवढ्याशा वजनात पंख्याच्या हवेनं पण आकडा हालते. मी काटा काढला की एसीची जाळी बंद करतो.

त्याच्यानंतर केस गेज आन कॅलिपर. भरलेलं काडतूस गेजच्या भोकात टुपकन पडलं आन उलटं केल्यावर आपोआप निघालं म्हणजे नळीत बसन. मॅचवाले शंभर भोकाचं घेते, शंभर काडतूस एका वेळी उभे करायचे, वरून बोट फिरवायचं, उंच राह्यलेलं लगेच समजते, आन सगळे बुडं वर असल्यामुळं एखादा प्रायमर उलटा नाई तर बाहेर आलेला असन तर तेही दिसते. भाऊ मॅच खेळते म्हणता तर त्याले हे लय आवडन.

बाकी केस फीडर, बुलेट फीडर नंतर. बुलेट फीडर तर माया मतानं घेऊच नये, कारण गोळी मशीननं ठेवली की पुंगळीत पाहाचं आपण सोडून देतो.


भद्रावतीवाले_काका

वणीच्या पोराने चांगलं सांगितलं. मी भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालो, आता ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेली. आमचं काम मोठ्या मालाचं, पिस्तुलाचं नाही, लहान काडतुसं वरणगाव-खडकीकडे. पण बारूद ती बारूदच, म्हणून दोन शब्द बोलतो.

दारव्हेकर, तुमच्या भावाच्या टेबलावर काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी बघा. टेबलावर एका वेळी एकच बारूद, बाकी डबे कपाटात. काम संपलं की हॉपरमधली (प्रेसवरच्या बारूदच्या भांड्यातली) बारूद त्याच दिवशी मूळ डब्यात परत. हॉपरमध्ये ठेवून उद्या बघू म्हणणारा माणूस उद्या विसरतो की आत कोणती होती. दोन बारूदी दिसायला सारख्या, जळायला वेगळ्या, डोळ्याने ओळखू येत नाहीत. यासाठी कोणती ॲक्सेसरी लागत नाही, एक खडू आणि पाटी पुरते. हॉपरला कागद चिकटवा आणि नाव लिहा.

प्रायमरचं सांगतो. लोक बारूदला घाबरतात आणि प्रायमर मुठीत घेऊन फिरतात, खरं तर उलट पाहिजे. धूर नसलेली बारूद मोकळ्यावर पेटली तर भरभर जळून जाते, प्रायमर मात्र ठोक्याने उडायलाच बनवलेला असतो. तुमच्या प्रेसला उभी नळी असते त्यात शंभर प्रायमर एकावर एक बसतात. एक उडाला तर बाकीचे त्याच्या सोबत जाऊ शकतात. म्हणून नळीच्या बाहेर जे जाड लोखंडी आवरण कंपनीने दिलंय ते काढायचं नाही. खाली अडकलं तर वरून दांड्याने ठोकायचं नाही, जोर लावायचा नाही, शांतपणे नळी काढायची. आणि डोळ्याला चष्मा. नंबरचा नाही, सेफ्टीचा. तुम्ही भेट शोधत आहात ना, मग चांगल्यातले दोन सेफ्टी चष्मे घ्या, एक त्याला, एक तुम्हाला, कारण तुम्ही बाजूला उभं राहून बघणार हे मला माहीत आहे, लेथवाले सगळे सारखेच.

साठवण. तुम्ही फॅब्रिकेशन करत असाल तर तुमच्या डोक्यात येईल की भावाला चांगली जाड पत्र्याची पेटी कुलूप लावून बनवून द्यावी. बारूदसाठी ते करू नका. घट्ट बंद लोखंडी पेटीत आग लागली की दाब कोंडतो आणि जी वस्तू नुसती जळून गेली असती तिचा स्फोट होतो. अमेरिकेत एनएफपीए ४९५ म्हणून आगीच्या सुरक्षेचं स्टँडर्ड आहे, त्यात घरात २० पौंडापर्यंत धूरविरहित बारूद मूळ डब्यात ठेवता येते, त्याच्यावर ५० पौंडापर्यंत असेल तर एक इंच जाडीच्या भिंतींची लाकडी पेटी नाहीतर कपाट सांगितलंय. प्रायमर घरात १०,००० पर्यंत. लाकूड यासाठी की आगीपासून थोडा वेळ वाचवतं आणि दाब आला की शिवण सोडतं. तेव्हा सुताराचं काम आहे हे, तुमचं नाही. आणि टेक्सासचं गॅरेज उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूरसारखंच तापत असेल, बारूद गॅरेजमध्ये नको, घरात थंड कोरड्या जागी.


दारव्हेकर_लेथवाला

काका, दंडवत. खरं सांगतो पेटीचंच डोक्यात होतं, १६ गेजचा पत्रा काढून ठेवला होता, बरं झालं बोलले.

वणीवाल्या भाऊ, माया भाऊ सिटिझन झाला दोन वर्षाआधी, त्यामुळं त्याचं काही टेन्शन नाई. माया व्हिसाचं मात्र मले माहीतच नव्हतं, त्यालेही इचारतो. काटा त्याच्याजवळ बॅटरीवाला, हाताएवढा, सोन्याच्या दुकानात असते तसा. गेज मी इथं बनवलं तर चालन का? रीमर हाय माह्याजवळ.


पांढरकवडा_कपाशी

मदात घुसतो, माफ करा. आमच्याइकडं रोही आन रानडुकराइनं जीव खाल्ला, तुरीच्या शेंगा भराले आल्या की रात्रभर जागल. आमच्या मोठ्या बाबाच्या नावानं पीक संरक्षणाची १२ बोर हाय, लायसन्सवाली. काडतुसाचा भाव पाहाल तर डोळे पांढरे होते आन ते पण कोट्यातच भेटते. रिकाम्या पुंगळ्या डब्बाभर पडल्या हायेत घरी. मले वाटते हा दारव्हेवाला भाऊ येताना असली एक मशीन घेऊन आला, लहानशी, तर आमी पाचसहा जण मिळून पैसे देऊ. पह्यले आजोबा भरमार ठासतच होते न घरी, टोपी लावून, त्याले कोण इचारत होतं?


भद्रावतीवाले_काका

भाऊ, हे इथं लिहिलं तेवढं पुरे, पुन्हा लिहू नका.

लायसन्स बंदूक बाळगायचं आहे, काडतूस बनवायचं नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५, शस्त्र असो की दारूगोळा, बनवायचा असेल तर वेगळा परवाना लागतो आणि तो घरी बसून शेतकऱ्याला मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आणि जो माणूस ती मशीन बॅगेत घालून नागपूरला उतरेल त्याचं काय होईल ते वेगळं. डुकरं राहतील बाजूला आणि तुम्ही पेशीवर पेशी यवतमाळला. मोठ्या बाबांचं लायसन्स तर पहिल्या दिवशी जमा होईल.

आजोबांच्या भरमारचं म्हणाल तर त्यात काळी बारूद, तिचा दाब वेगळा, हिशेब वेगळा. ती मापाने ठासली तरी चालून जायचं, आजच्या काडतुसात त्या मापाने दुसरी बारूद घातली तर बंदुकीची नळी हातात फुलेल. अमेरिकेतला माणूस काटा, गेज, पुस्तक, सगळं घेऊन बसतो ते उगाच नाही.

दारव्हेकर, तुमच्या रीमरचं उत्तरही यातच आहे. गेज बनवू नका. एक तर त्याचं माप इंचाच्या हजाराव्या भागात, सामी नावाची तिकडची संस्था आहे तिच्या ड्रॉइंगप्रमाणे, सैल झालं तर गेज खोटं बोलतं, आणि खोटं गेज नसलेल्यापेक्षा वाईट. दुसरं म्हणजे दारव्ह्याच्या वर्कशॉपमध्ये ९ एमएमच्या चेंबरच्या मापाचं भोक पाडलेला तुकडा सापडला तर तो गेज आहे हे तुम्ही कोणाकोणाला समजावत बसणार? गडचिरोली आपल्यापासून लांब नाही. तुमचा धंदा चांगला चाललाय, चालू द्या.


अकोल्याची_सूनबाई

मी कॅलिफोर्नियात असते, माहेर मूर्तिजापूरकडचं. आमच्याकडे हे काम नवरा करतो आणि त्याच्यामागचं सगळं आवरणं माझ्याकडे, त्यामुळे मलाही मत आहे :) वणीच्या दादांचं लाइट आणि पावडर चेकचं शंभर टक्के पटलं. पण केस फीडर नंतर घ्या म्हणता ते नाही पटलं बाई.

७५० ला मागे जी नळी असते ना पुंगळ्यांची, ती हाताने भरावी लागते, मूठभर भरल्या की थोड्या वेळात संपतात. म्हणजे हँडल मारता मारता लक्ष सतत दुसरीकडे, नळी रिकामी झाली, एक घर मोकळं गेलं, मग थांबा, मग परत सुरू करा. आणि दादांनीच वर लिहिलंय की घोटाळा थांबून परत सुरू करताना होतो! वरचा इलेक्ट्रिक फीडर असला की पुंगळ्या आपोआप खाली येतात, माणसाचं लक्ष फक्त दोन गोष्टींवर राहतं, बारूद आणि गोळी. मला तर तो स्पीडपेक्षा शांतपणासाठी बरा वाटतो. फक्त घेताना प्लेट बघून घ्या, ९ एमएमला स्मॉल पिस्टलची प्लेट लागते, आणि तिकडेच घ्या, तिकडची वीज १२० व्होल्टची, आपल्याकडून कुठलीही मोटर नेऊ नका.

आता ज्याबद्दल कोणीच बोललं नाही ते. घरात लहान बाळ आहे म्हणालात. रेंजवरून उचललेल्या पुंगळ्यांवर शिशाची धूळ असते, प्रायमरच्या राखेत शिसं असतं. नेहमीची पद्धत म्हणजे व्हायब्रेटरी टम्बलर, त्यात मक्याच्या कणसाचा नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा भुसा घालून पुंगळ्या घासतात, आणि नंतर चाळणीने चाळताना जी धूळ उडते ती सगळी तीच. तो भुसा घरात चाळायचा नाही म्हणजे नाही. तुमच्या भावाकडे अजून टम्बलर नसेल तर माझं मत ओल्या पद्धतीचा घ्या, म्हणजे पाणी, साबण आणि बारीक स्टीलच्या पिना, धूळ उडतच नाही, पाणी तेवढं नीट टाकावं लागतं आणि पुंगळ्या पूर्ण वाळवाव्या लागतात. पुंगळ्या आतून पण सोन्यासारख्या निघतात, आमच्या सासूबाईंना वाटलं देवघरातली उपकरणी घासायची मशीन आणली!

शिवाय शिसं काढणारा वेगळा साबण मिळतो, साध्या साबणाने तेवढं निघत नाही, आणि थंड पाण्याने हात धुवायचे. गॅरेजचे कपडे वेगळे, गॅरेजच्या चपला वेगळ्या, बाळाच्या कपड्यांसोबत धुवायचे नाहीत. तिथे चहा-चिवडा काही न्यायचा नाही. तुमच्या आईला पण सांगा, त्या सवयीने झाडू घेऊन गॅरेज झाडायला जातील आणि सगळी धूळ अंगावर घेतील. ओल्या फडक्याने पुसायचं. दारात टाकायला एक पायपुसणं आणि तो साबण ही माझ्या हिशेबाने पहिली ॲक्सेसरी.


वणीचा_पोट्टा_डॅलस

ताई शिशाचं मी लिहाले पायजे होतं, लहान पोरगं असन तर ते सगळ्यात वर. पण केस फीडरवर मी ऐकत नाई :) एक तर तो महाग, दुसरं रेंजवरच्या पुंगळ्या निवडलेल्या नसल्या तर फीडर उलट जास्त अटकवते. ९ एमएमच्या ढिगात .३८० च्या पुंगळ्या हमखास असते, त्या १७ एमएम लांब, ह्या १९, रुंदी जवळपास तेवढीच, डोळ्याले लवकर दिसत नाई. हातानं भरताना बोटाले समजते, फीडरले समजत नाई. मंग ते घरात जाऊन बसते, बारूद वेगळी भासते, गोळी ढिली बसते. मिलिटरीच्या पुंगळ्या आल्या तर प्रायमरच्या खोलीले कडा दाबलेली असते, नवा प्रायमर आत जात नाई, जोर करावा लागते, आन काकाजीनं प्रायमरवर जोर कराले काय सांगितलं ते वाचलंच असन. म्हणून पह्यले निवडायची सवय लागू द्या, सहा महिन्यानं फीडर घेऊ द्या त्याले त्याच्या पैशानं.

त्याच्याऐवजी प्रायमर भरायच्या जास्तीच्या नळ्या घ्या. दर शंभर हँडलले प्रायमर संपते, तेव्हा बसून एकेक प्रायमर टोकानं उचलून नळी भरत बसनं म्हणजे डोकं तापते. पाचसहा नळ्या आधीच भरून ठेवल्या की निवांत. सोबत प्रायमर सुलटे करायचा फ्लिप ट्रे, चांगला मोठा. तो आपोआप नळी भरायचा इलेक्ट्रिक डब्बा मिळते त्याच्या भानगडीत पडू नका, महाग हाय आन एवढं काम नाई त्याचं.

आन रोलर हँडल. हे ऐकाले चैनीचं वाटते, पण मूळ हँडलचा गोळा हातात घासते, संध्याकाळपर्यंत तळहात लाल होते. रोलरवालं हातात फिरते. तुमी मशीनवाले, तुमाले लगेच समजन.


अकोल्याची_सूनबाई

निवडायचं मान्य. आमच्याकडे ते काम माझं आहे, टीव्हीसमोर बसून, पण टम्बलरमधून निघाल्यावरच, आधी नाही. बरं, फीडर राहू द्या, साबण घ्या.


दारव्हेकर_लेथवाला

सगळ्याइचे आभार, एवढं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. भावाले फोन केला, तर त्याच्याकडं टम्बलर हाय पण कोरडावाला, आन तो गॅरेजात चाळते म्हणे, दार उघडं ठेवून. वहिनीले ताईची पोस्ट वाचून दाखवली, आता त्याचं काही खरं नाई. म्हणून असं ठरवलं: ओला टम्बलर माह्याकडून, लाइटची किट, चेक वेट, पावडर चेक, शंभर भोकाचं गेज, दोन चष्मे. सगळं तिकडंच ऑर्डर करून त्याच्या पत्त्यावर मागवतो, पोचल्यावर पैसे देतो. नळ्या तो स्वतः घेईन म्हणते. फीडरचं ताई आन भाऊ तुमीच ठरवा.

आता मशीनच्या बाबतीत एकच राह्यलं. त्यानं प्रेस एका प्लायवूडच्या टेबलावर ठोकला हाय, कॉलवर पाह्यलं तर हँडल मारलं की टेबल मागून उचलते. बारूद हॉपरमदी हालत असन नं त्यानं? त्याच्यावर त्यानं स्ट्राँग माउंट घ्यावा का म्हणते.


वणीचा_पोट्टा_डॅलस

हालते आन डोजमदे फरक पडते, बरोबर पकडलं तुमी. धक्का दर वेळी वेगळा बसला की बारूद दर वेळी वेगळी बसते. माउंट प्रेस उंच करते, उभं राहून काम करायचं असन नाई तर समोरून पुंगळीत पाहाले मान वाकवावी लागत असन तर घ्यावा, पण हालत्या टेबलावर माउंट लावला तर अजुक जास्त हालन, उंची वाढली न. पह्यले टेबल. दोन प्लाय एकावर एक चिकटवून स्क्रू मारायचे, समोरच्या कडेखाली लाकडाचा आडवा दांडा, आन मागून टेबल भिंतीच्या लाकडी खांबाले कसायचं. तिकडं घरं लाकडाचीच असते, प्लास्टरमागं खांब सोळा इंचावर भेटते, त्याच्यातच स्क्रू गेला पायजे, मोकळ्या बोर्डात गेला तर काही धरत नाई. प्रेसच्या बोल्टाले खालून मोठं वॉशर नाई तर पट्टी. हे काम तुमी तिकडं जाऊन दोन तासात करान, त्याच्यात कोणता कायदा आडवा येत नाई.

टेबल पक्कं झाल्यावर त्याले प्रेसची बारूद परत सेट कराले सांगा, जुन्या सेटिंगवर चालू करू नको म्हणा. पह्यले दहा डोज काट्यावर.


भद्रावतीवाले_काका

आणि परत येताना एक काम. बॅग भरायच्या आधी सगळे खिसे, बुटांचा आतला भाग, आईची पिशवी, सगळं उलटं करून झटका. पुंगळ्या कुठेही जातात, पँटच्या घडीत, बुटाच्या तळव्याखाली. रेंजवर गेलात तर हमखास. विमानतळावर स्कॅनरमध्ये एक रिकामी पुंगळी दिसली तरी बाजूला घेतात, भरलेलं सापडलं तर सरळ पोलिस ठाणं, चुकून आलं म्हणून कोणी सोडत नाही. आठवण म्हणून एक पुंगळी किचेनला लावून आणतो असं भाऊ म्हणेल. नाही म्हणा.


दारव्हेकर_लेथवाला

काका तो हेच म्हणाला होता, किचेनचं :) कॅन्सल. लाकडी स्क्रू आन वॉशरची यादी करतो, प्लायची साइज त्याच्याकडून मागवली हाय, आली की इथं टाकतो.